एका शिटीचे चार गुन्हेगार

माझं नाव गोपीचंद. राहणार किन्हीराजा, वय वर्षं बासष्ट, धंदा गुप्तहेरगिरी. पोटासाठी अधूनमधून नोकरी करतो, ती गोष्ट वेगळी. माझी उंची साडेपाच फूट आहे, पण संशय आला की मी पावणेसहा फूट दिसतो असं लोक सांगतात, म्हणजे कोणी विचारलं तर सांगतील. अक्षरं मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो. लोकांना यात कमीपणा वाटतो. मी म्हणतो, ज्याला पन्नास वर्षं कागद वाचता येत नाही, त्याला माणसं वाचण्याशिवाय दुसरं काम काय? माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. एकदा मी मुंग्यांच्या रांगेचा पाठलाग करत थेट साखरेच्या डब्यापर्यंत पोचलो होतो. डबा आमच्याच घरचा होता, पण तपास पूर्ण झाला हे महत्त्वाचं.

आजवर तीन मालकांनी मला गमावलं. पेट्रोल पंपावर मी एका माणसाला बिनपैशाचं पेट्रोल भरून घेताना रंगेहाथ पकडलं. तो पंपाचा मालक निघाला. मंगल कार्यालयात नवरीच्या खोलीभोवती घुटमळणाऱ्या एका इसमाला मी स्टोअररूममध्ये कोंडून ठेवलं. तो नवरीचा मामा निघाला आणि इकडे भटजी मामाच्या नावानं ओरडत बसले. तिसऱ्या नोकरीचं प्रकरण आपसात मिटलं असल्यामुळे मी त्यावर बोलत नाही.

चौथी नोकरी मिळाली त्या दिवशी आमच्या घरी रामीबाईनं भाषण केलं. रामीबाई म्हणजे माझी बायको. ती भाषण लहान करते.

"हे पाहा, हे नोकरी टिकली तं टिकली. महिना भरल्यावर मी स्वता मालेगावले येतो अन् शेठले इचारतो. नाई टिकली, तं तिथूनच निताकडे इंझोरीले जातो. मंग तुमी अन् तुमचा तपास, दोघं मिळून भाकरी थापा."

निता आमची मुलगी. तिच्या घरी रामीबाईसाठी एक खोली कायम झाडून ठेवलेली असते, हे मला माहीत होतं. मला भाकरी थापता येत नाही, हे तिला माहीत होतं. तेव्हा या नोकरीवर काय काय अवलंबून होतं, हे सुज्ञांना वेगळं सांगायला नको.

नोकरी मालेगावात, वाशीम रोडवर, पन्नालाल शेठच्या पाइप, पत्रे आणि सिमेंटच्या दुकानात. काम फाटकावर उभं राहण्याचं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे घ्यायच्या, मोटरसायकली रांगेत लावायच्या. शेठनं पहिल्याच दिवशी ड्रॉवरमधून एक पितळेची शिटी काढून माझ्या गळ्यात घातली.

"गोपीचंदभाऊ, ही आमच्या बाबूजींची आहे. सांभाळा. एक महिना पाहू तुमचं काम, मग पक्कं करू."

शेठ मऊ बोलणारे. मऊ बोलणाऱ्या माणसाबद्दल माझं मत माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

दुकानातली बाकीची मंडळी मात्र मऊ नव्हती. हमालांचा मुकादम मदनसिंग बावीस वर्षांपासून तिथे होता आणि दुकानातल्या एकुलत्या एक रिकाम्या खुर्चीवर तितक्याच वर्षांपासून बसत होता. मी पहिल्या दिवशी तिच्यावर बसलो. तो माझ्यासमोर उभा राहून माझ्याकडे पाहत राहिला, आणि दहा मिनिटांनी मलाच आठवलं की मला उभं राहायला आवडतं. तेव्हापासून माझं आसन म्हणजे फाटकाजवळचा रंगाचा रिकामा डबा. तोही उपडा.

काउंटरवर धनराज. त्याला दुकानातल्या प्रत्येक नटबोल्टाचं नाव पाठ, पण माझं नाव महिन्याभरात एकदाही आठवलं नाही. तो मला "ओ फाटक" अशी हाक मारायचा. कॉम्प्युटरवर शेठची सून चेतना. ती कामात हुशार आणि वागायला सरळ, पण मी दिसलो की कानात कापसाचे बोळे घालायची. मी नोंद केली : मुलीचे कान नाजूक, वारा सोसत नाही.

दुपारच्या चहाचे कप नेहमी एक कमी यायचे. कोणाचा कप कमी पडायचा हे शोधायला गुप्तहेर लागत नाही.

पण मी कामाला वाघ होतो. ट्रॉली आत येताना मी शिटी वाजवायचो, थांबताना वाजवायचो, थांबल्यावर थांबली हे कळावं म्हणून वाजवायचो. मोटरसायकलला दोन, सायकलला एक, पायी येणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वागताची एक लांब. रस्त्यावरून एसटी गेली तरी तिला एक सलामी. दुकानात जरा शांतता पसरली की मला वाटायचं, लोकांना मी झोपलो असं वाटेल. मग त्या शांततेलाही एक.

एकदा मदनसिंग खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत चालत आला. त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

"भाऊ, थे शिटी सरकारी हाय का?"

"नाही, शेठची आहे."

"मंग एवढी कायले वाजवून राह्यले? संपते ना!"

मी त्याला समजावलं की शिटी वाजवल्यानं संपत नाही. इतकी साधी गोष्ट त्याला कळू नये, याचं मला आश्चर्य वाटलं. बावीस वर्षं!

तर अशा या दुकानात, पर्युषणाच्या, म्हणजे शेठच्या घरच्या जैन पर्वाच्या, पहिल्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, ती शिटी नाहीशी झाली.

घटना अशी. एका ट्रॉलीखाली मला काळे, चिकट, संशयास्पद थेंब दिसले. मी शिटी गळ्यातून काढून डब्यावर ठेवली, ट्रॉलीखाली शिरलो आणि पालथं पडून थेंबांचं निरीक्षण केलं. मधल्या वेळात दोन-चार जण येऊन माझ्या पायांशी काहीबाही बोलून गेले. तपासात असताना मी लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही, फक्त "हो हो" म्हणतो, त्यानं माणसं लवकर जातात. अर्ध्या तासानं मी बाहेर आलो. थेंब ग्रीसचे होते. शिटी नव्हती.

महिना पुरा व्हायला आठ दिवस होते. बाबूजींची शिटी हरवली असं सांगायचं कोणत्या तोंडानं? गळ्यात शिटीच आहे असं वाटावं म्हणून मी दुसऱ्या एका दोरीला आमच्या घराची किल्ली बांधली, ती सदऱ्याच्या आत सोडली आणि तपास सुरू केला. ट्रॉल्या मी काठीनं पत्रा बडवून मागे घेऊ लागलो. तोही मदनसिंगनं दुसऱ्या दिवशी उचलून नेला.

दुसऱ्याच दिवशी मला पहिला धागा मिळाला. सगळे खूश होते. धनराज काउंटरवर गुणगुणत होता. चेतनाच्या कानात कापूस नव्हता, आणि वारा तर त्या दिवशी जास्तच होता. मदनसिंगनं स्वतःच्या हातानं मला चहाचा कप आणून दिला. पूर्ण भरलेला! मी वहीत लिहिलं : तीन आठवडे ज्यांनी मला पाणी विचारलं नाही, ते आज चहा पाजतात. गुन्हा केल्याशिवाय माणूस इतका चांगला वागत नाही.

चहा मात्र मी प्यालो. पुरावा नष्ट करायला नको होता, पण गार होत होता.

माझा पहिला संशय मदनसिंगवर गेला. त्याच्या खिशात काहीतरी गोल, टणक वस्तू होती. मी दोन दिवस त्या खिशावर पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याशी मुद्दाम धडकलो आणि खिसा दाबून पाहिला.

"काय पाह्यजे?" मदनसिंग म्हणाला.

"तुमच्या खिशात काय आहे?"

त्यानं तंबाखूची डबी काढली आणि माझ्या हातावर चिमूटभर टेकवली. "मांगून घ्याची ना भाऊ. आंगावर कायले येता?"

मग धनराज. हा माणूस गुणगुणताना ओठांचा चंबू करायचा, जसा शिटी वाजवणारा करतो. म्हणजे घरी सराव चालू असणार. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "धनराजभाऊ, पितळेला काय भाव चालू आहे?"

"कोनतं पितळ? नळाचं का कडीकोयंड्याचं?"

"समजा, जुनं. लहान. फुंकायचं."

"ओ फाटक," धनराज म्हणाला, "उनात नका बसत जाऊ."

विषय टाळला. नोंद केली.

सगळ्यात काळजीची गोष्ट शेठची होती. ते दिवसेंदिवस उतरत चालले होते. गाल बसले, चाल मंदावली. काही जेवत नव्हते, दिवसा नुसतं उकळलेलं पाणी प्यायचे. सकाळी अकरापर्यंत तर बोलतही नव्हते, खुणा करायचे. मी मदनसिंगला विचारलं.

"आठ दिवसाचा उपास हाय शेठजीचा. सकाळी मौन असते."

"असं ते सांगतात," मी म्हणालो.

मदनसिंगनं माझ्याकडे पाहिलं, आणि तंबाखूची डबी परत खिशात ठेवली.

मी वहीत लिहिलं : आठ दिवस माणूस जेवत नाही, म्हणजे त्याच्या मनाला काहीतरी खातं आहे. बोलत नाही, म्हणजे बोललं तर तोंडून निघून जाईल अशी भीती आहे. शेठनं स्वतःच शिटी पळवली असावी. कारण उघड होतं. महिना भरल्यावर शिटी मागायची, ती नाही म्हटलं की मला काढून टाकायचं. मऊ बोलणाऱ्या माणसाबद्दल पहिल्या पानावर लिहिलेलं मत मी लाल पेनानं अधोरेखित केलं.

दुकानामागे शेठचं घर. घराच्या ओसरीवर शेठच्या आई अंगुरीबाई रोज पांढरी पट्टी तोंडाला बांधून, डोळे मिटून बसलेल्या असायच्या. वय ऐंशीच्या वर. त्यांना मी संशयितांच्या यादीत घेतलं नाही. जी बाई चालताना मुंगी मरू नये म्हणून पाऊल जपून टाकते, तिला काय विचारायचं? गुप्तहेरानं वेळ वाया घालवू नये.

पर्युषणाच्या शेवटच्या, संवत्सरीच्या दिवशी दुकान बंद होतं. मी दिवसभर घरी वही वाचत बसलो. चार संशयित, चौघांकडे कारण, चौघांविरुद्ध पुरावा, आणि एकही गुन्हेगार नाही. रामीबाई पिशवी भरत होती. दोन लुगडी, निताच्या पोरांसाठी शेंगदाण्याचे लाडू.

"उद्या महिना भरते ना?" ती म्हणाली. "मी दुपारच्या एसटीनं येतो."

लाडू तिनं मला एकही दिला नाही, यावरून तिचा अंदाज काय होता ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकावर पोचलो, आणि गुन्हेशास्त्राच्या इतिहासात कुठेही घडलं नसेल असं घडलं.

पहिला धनराज आला. नवा सदरा. माझ्यासमोर उभा राहिला, हात जोडले आणि मान खाली घालून म्हणाला, "गोपीचंदभाऊ, महिन्याभरात कळत-नकळत माह्याकून काही चुकलं असंल, तं माफ करजा."

माझं नाव! महिन्यात पहिल्यांदा! माझ्या हातातली काठी पडता पडता राहिली. कबुली! मी गंभीरपणे म्हणालो, "मला माहीत होतं." तो जरा गोंधळला आणि आत गेला.

मी वही उघडतो तोच चेतना आली. "काका, माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा करा." मी म्हणालो, "साथीदार होतीस, हो ना?" ती म्हणाली, "अं?" मी म्हणालो, "जा बाळ, जा."

मग मदनसिंग. स्वतःच्या खुर्चीतून उठून! त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "भाऊ, मी तुमाले लय तोडून बोललो. माफी असू द्या."

आणि शेवटी स्वतः शेठ. उपवास सुटल्यानं चेहऱ्यावर तेज आलेलं. फाटकापर्यंत चालत आले आणि माझ्यासारख्या डब्यावर बसणाऱ्या माणसापुढे वाकून म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम, गोपीचंदभाऊ. आमची काही चूक झाली असेल तर पोटात घाला."

त्यांचा तो पहिला शब्द मला कळला नाही. टोळीचा परवलीचा शब्द असणार, हे ओळखायला मला क्षणही लागला नाही.

चारही संशयितांनी एका सकाळी, कोणीही न विचारता, गुन्हा कबूल केला होता! हा माझ्या नजरेचा धाक. मी दुपारपर्यंत थांबलो. रामीबाई पिशवी घेऊन फाटकातून आत आली, तसं मी काठी विक्रीच्या पत्र्यांवर आपटली आणि सगळ्यांना गोळा केलं. पाइप घ्यायला आलेली पाच-सहा गिऱ्हाइकंही जमली.

"मंडळी," मी म्हणालो, "आठ दिवसांपूर्वी बाबूजींची पितळेची शिटी चोरीला गेली. मी हे गुप्त ठेवलं. आज गुन्हेगार उघड झाले आहेत. एक नाही, दोन नाही, चार! धनराज, चेतना, मदनसिंग, आणि या टोळीचे म्होरके, पन्नालाल शेठ. चौघांनीही आज सकाळी माझ्याजवळ हात जोडून कबुली दिली आहे. तारीख आणि वेळ वहीत आहे."

एका गिऱ्हाइकानं हातातला पाइप हळूच खाली ठेवला.

"संवत्सरीची माफी आहे ती, काका," चेतना म्हणाली. "वर्षातून एकदा सगळे सगळ्यांची मागतात. दुकानात आजोबांपासून चालत आलंय."

"मी मागल्या साली त्या समोरच्या पानठेलेवाल्याचीबी मांगली," मदनसिंग म्हणाला. "त्याची कोन्ती शिटी चोरली मी?"

"अन् मी म्होरका," शेठ पुटपुटले, आणि मदनसिंगच्या खुर्चीवर बसले. आठ दिवसांच्या उपवासानं झालं नव्हतं ते एका वाक्यानं झालं होतं.

रामीबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं पिशवी खांद्यावर नीट घेतली.

"जाण्याआंधी घोटभर पानी पेतो," ती कोणाकडेही न पाहता म्हणाली, आणि दुकानाच्या मागे गेली.

मी तिथेच उभा. भाकरीचं पीठ किती पाणी घेतं, हे मी आठवायचा प्रयत्न करत होतो. दोन मिनिटांत ती परत आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली शिटी.

"हेच का?"

"कुठे सापडली?" मी ओरडलो. "कोणाकडे? कशी शोधलीस?"

"शोदली कायले? त्या मागच्या आजीले इचारलं, तुमी शिटी पाह्यली का. त्याईनं देल्ली."

तिच्यामागून अंगुरीबाई हळूहळू येत होत्या. खाली पाहत, पाऊल जपत. फाटकापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. मी वही मिटली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "मी न दिलेली वस्तू कधी उचलत नाही. मी तुम्हाला मागूनच नेली ना! तुम्ही त्या ट्रॉलीखाली झोपले होते. मी म्हटलं, पर्व सुरू झालं, संवत्सरी होईपर्यंत ही शिटी मी ठेवून घेऊ का? तुम्ही म्हणाले, हो हो."

"मी?"

"दोनदा म्हणाले. मी दोनदा विचारलं. एकदा विचारून मन मानेना."

सगळे माझ्याकडे पाहत होते. ट्रॉलीखालून आलेला तो आवाज मला आता आठवला. पाय दिसले होते, पांढऱ्या लुगड्याचा काठही दिसला होता. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. फक्त ते कोणाचे आहेत हे मी पाहिलं नव्हतं.

"अठ्ठेचाळीस मिनिटं सामायिकात, म्हणजे ध्यानात बसायचं असतं," अंगुरीबाई म्हणाल्या. "मन शांत ठेवायचं. ही वाजली की मला राग यायचा. तुमच्याबद्दल वाईटसाईट मनात यायचं, ऐंशी वर्षांत कोणाबद्दल आलं नाही तेवढं. म्हणून नेली. ते सगळं मनात आणलं, त्याची क्षमा करा."

सकाळपासून मला चार माफ्या मिळाल्या होत्या, पण ही ऐकताना मला डब्यावर बसावंसं वाटलं.

"शेठजी," रामीबाई मध्येच म्हणाली, "आज महिना भरला. याईची नोकरी राह्यली का गेली, थे सांगा. माही बस हाय."

शेठनं तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "आज सकाळी मी यांच्यापुढे वाकलो, बाई. आज काढलं तर वर्षभर ओझं राहील माझ्या डोक्यावर."

"उद्या काढता येते," धनराजनं सुचवलं.

"धनराज!" अंगुरीबाई म्हणाल्या.

"उद्याही नाही," शेठ म्हणाले. "माणूस वेळेवर येतो, फाटक सोडत नाही. राहू द्या. पण शिटी आईजवळ राहील. गाड्या हातानं घ्या. आणि इथली रीत आहे, ती तुम्हालाही पाळावी लागेल. ज्याचं मन दुखावलं त्याची माफी."

मी कर्तव्याला कधी चुकलो नाही. मी मदनसिंगपुढे उभा राहिलो, हात जोडले. "मदनसिंगभाऊ, माझ्याकडून कळत-नकळत काही..."

"नकळत कायचं?" मदनसिंग म्हणाला. "वहीत लिवून लिवून केलं तुमी. वाचून दाखवा."

वाचून दाखवावं लागलं. पान दोन ते एकोणीस. प्रत्येक नोंदीनंतर हात जोडून माफी. गिऱ्हाइकांनी सिमेंटच्या पोत्यांवर बैठक मारली. 'खिशात टणक वस्तू' ला मदनसिंग नुसता मान हलवत होता. 'गुणगुणणे हा सराव' ऐकून चेतना टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली, आणि तिच्या कानांची नोंद आली तेव्हा तिनं सांगितलं की कापूस वाऱ्यासाठी नव्हता. 'मनाला काहीतरी खातं आहे' या नोंदीवर शेठ इतके हसले की आईनं त्यांना पाणी दिलं. मी अक्षर लावत हळू वाचतो, त्यामुळे कार्यक्रम तासभर चालला. शेवटचं पान झालं तेव्हा मदनसिंग उठला, खुर्ची उचलून त्यानं फाटकाजवळ आणून ठेवली आणि म्हणाला, "बसा. घसा सुकला असंल. पण सांगून ठेवतो, फक्त आजच्या दिवस."

मी बसलो नाही. एक नाव राहिलं होतं. रामीबाई फाटकाशी पिशवी घेऊन उभी होती, लुगड्याचा पदर तोंडावर धरून. ती हसत होती की काय, हे माझ्यासारख्या जाणकारालाही सांगता आलं नाही. मी तिच्यासमोर गेलो, हात जोडले.

"आता तुझी मागतो," मी म्हणालो. "चाळीस वर्षांत कळत-नकळत..."

"माहीवाली घरी मांगजा," ती म्हणाली. "थे इथं फाटकावर उभ्यानं होणार नाई."

तिनं पिशवीतून एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. मी हात वर करून एक ट्रॅक्टर थांबवला, तिला वाट करून दिली, आणि ती रस्ता ओलांडून आमच्या किन्हीराजाच्या एसटीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.